बत्तीस नंबरची नळी

फॉर्मवर एक चौकोन होता. त्याच्यापुढं छापलेलं होतं, 'रुग्णाने सूचनांचे पालन केले नाही'. मी त्या चौकोनात खूण करायची आणि खाली सही करायची, एवढंच काम. शालिकरामला मरून नऊ दिवस झाले होते. त्याची बायको कुंता दाराबाहेरच्या लोखंडी बाकावर बसली होती आणि तिची नजर माझ्या पेनावर होती.

ऑफिसातल्यांना वाटलं, बाई मदत मागायला आली. तिनं मदत मागितली नाही. ती म्हणाली, "हेमराज भाऊ, त्यायनं ऐकलं नाई म्हणून मेले, असं लिवू नका. मी तलावाच्या पाळीवर सगळ्याईसमोर म्हटलं होतं, यायच्या जागेवर मी उभी राहतो म्हणून. ते लिवा."

मी पेनाला टोपण लावलं. म्हणालो, "थांबा जरा, वहिनी."

मी कोण ते आधी सांगतो, म्हणजे शिव्या कोणाला द्यायच्या ते तुम्हाला कळेल. नाव हेमराज. जात ढिवर, मासे धरणारी. गाव खैरबोडी, मूल तालुका. गावाच्या पाठीशी तलाव, तलावाच्या पाठीशी जंगल. बारावीला दोनदा बसलो आणि दोनदा पडलो. दोन वर्षांपूर्वी डॉक्टर मयुरी मॅडमनी मला त्यांच्या अभ्यासात क्षेत्र सहायक म्हणून घेतलं. गळ्यात ओळखपत्र आलं. मोटरसायकलनं गावोगाव फिरायचं, पेशंटला रोज संध्याकाळी फोन करायचा, उत्तरं फॉर्मात भरायची. गावात पोरंसोरं मला 'नळीवाला साहेब' म्हणायची. मला ते आवडायचं, खोटं कशाला बोलू.

मॅडम वरोऱ्याच्या. घरी कापूस-सोयाबीनची शेती. त्यांचं शास्त्र सुई आणि चाकू यांच्या मधलं. पोट फाडायचं नाही. सोनोग्राफीच्या पडद्यावर बघत बघत कातडीतून बारीक सुई नेमक्या जागी न्यायची, सुईच्या वाटेनं तार, तारेच्या वाटेनं नळी. इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजी. हे नाव तोंडात बसायला मला आठ दिवस लागले. त्यातलं सगळं शिक्षण, वरची पीएचडी, सगळं उरकून त्या आता पोस्टडॉक करत होत्या. म्हणजे शिकायचं काही उरलेलं नसताना ज्यांचं शिकणं थांबत नाही, ते लोक जे करतात ते.

त्यांचा प्रश्न साधा होता. आमच्या चंद्रपूर-गडचिरोलीकडं धडधाकट बापे, म्हणजे पुरुषमाणसं, लिव्हरात पू होऊन आडवे पडतात. घाण पाणी, वरून मोहाची दारू. नळी टाकून पू काढतात, आणि नळी सुकेपर्यंत माणूस दहा-बारा दिवस चंद्रपूरच्या खाटेवर. धान कापायचं सोडून कोण पडून राहील? लोक तिसऱ्या दिवशी नळीसकट पळून जायचे आणि गावात सडून मरायचे. मॅडम म्हणाल्या, पळतातच, तर आपणच नीट शिकवून पाठवू. तिसऱ्या दिवशी नळी घेऊन घरी, रोज फोनवर चौकशी, बुधवारी मूलला सोनोग्राफी. साठ जणांवर करून पाहायचं. जमलं तर खाटा मोकळ्या होतील, माणसं पळणार नाहीत.

विचार वाईट नव्हता. मी आजही म्हणतो, वाईट नव्हता. एकतीस जण झाले होते, चामोर्शीचा म्हातारा, पोंभुर्ण्याचा ट्रॅक्टरवाला, सिंदेवाहीकडचे तिघे भाऊ एका पाठोपाठ एक. एकतीसच्या एकतीस बरे झाले. शालिकराम बत्तीसावा.

त्याला मीच नेलं. उजव्या बरगडीखाली हात दाबून चालायचा, खांदा दुखतो म्हणायचा, रोज दुपारी ताप. माझ्याहून सहा वर्षांनी मोठा. मला पोहायला त्यानं शिकवलं होतं, म्हणजे पाण्यात ढकलून दिलं होतं.

टेबलावर तो उघड्या पोटानं पडला. मी त्याचा हात धरून उभा होतो. पडद्यावर लिव्हर राखाडी दिसत होती आणि तिच्यात पुवाचा काळा डोह.

"हलू नका, शालिकराम भाऊ," मॅडम म्हणाल्या. "मी सांगितलं की श्वास रोखायचा."

"मी पान्यात दोन मिनटं रोखतो, बाई. तुमाले किती पाह्यजे ते सांगा."

सुई पडद्यावर पांढऱ्या रेघेसारखी सरकत सरकत डोहात शिरली. मॅडमच्या कपाळावर घाम होता. शालिकरामनं डोळे मिटूनच विचारलं, "लागली का मासोळी?"

सिरिंजमध्ये चॉकलेटी रंगाचा दाट पू चढला. मॅडम जरा सैल झाल्या. म्हणाल्या, "पुस्तकात याला माशांच्या चटणीचा रंग म्हणतात."

"कोन्त्या ढिवरानं लिवलं ते पुस्तक? मासोळीले फुकट बदनाम करून राह्यले."

मॅडम हसल्या. नर्स हसली. पोटाला टाके घालून नळी बसवली, नळीला पिशवी. नळीवर एक काळी खूण होती, ती बरोबर कातडीला टेकलेली. मॅडमनी मला दाखवली, "हेमराज भाऊ, ही खूण इथंच राहिली पाहिजे." मी मान हलवली. फॉर्मात मात्र त्या खुणेबद्दल प्रश्न नव्हता. फॉर्मात प्रश्न होते ताप किती, दुखणं किती, पिशवीत किती.

गुरुवारी घरी सोडताना त्याच्या हातात कार्ड दिलं. नळी ओली करू नका. वजन उचलू नका. दोर, पट्टा, करदोडा पोटावर घट्ट बांधू नका. मॅडमनी मला बाजूला घेऊन विचारलं, "यांच्या घरी काही अडचण आहे का? सणवार, लग्न, काही काम?"

मी म्हणालो, "नाही मॅडम."

रविवारी मोठं जाळं होतं. आणि ते मला माहीत होतं.

मोठं जाळं म्हणजे काय ते सांगतो, नाहीतर तुम्ही म्हणाल, एक दिवस घरी बसला असता तर काय बिघडत होतं. उन्हाळा लागता लागता तलावाचं पाणी उतरतं, तेव्हा वर्षातून एकदा आमची अख्खी मच्छीमार सोसायटी मिळून तलाव ओढते. या काठापासून त्या काठापर्यंत एकच जाळं, दोन बाजूंना दोन दोर, एकेका दोरावर पंधरा माणसं छातीभर पाण्यात. दोरावर ज्याची त्याची जागा ठरलेली. बापाची जागा पोराला. शालिकरामची डाव्या दोरावर चौथी, त्याच्या बापाची, त्याच्याही बापाची. माणूस आला नाही तर घरातला दुसरा बापा उभा राहतो. घरात बापा नसेल तर ती जागा वाट पाहत असलेल्याला जाते, आणि गेलेली जागा परत येत नाही. सोसायटीच्या कागदावर यातलं काही नाही. कागदावर असतं तर कोणी कोर्टात तरी गेलं असतं.

जागा गेली म्हणजे माणूस सोसायटीत नावाला राहतो. बैठकीत त्याला विचारत नाहीत. लग्नाच्या पंगतीत त्याला बोलावतात, पण आवतण द्यायला घरी कोणी येत नाही. शालिकरामला एकच पोरगी, डिंपल, नववीत.

शनिवारी संध्याकाळी पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, सगळे जाळं तपासत बसले होते. लटारू भाऊ अध्यक्ष. सत्तरीचा माणूस, आवाज अजून खणखणीत. कुंता खालून चढून आली. पदर खोचलेला, मूलच्या बाजारातून मासोळी विकून नुकतीच परतलेली, टोपलं अजून कमरेवर.

"भाऊ, उद्या चवथ्या जागेवर मी उभी राहतो," ती लटारू भाऊला म्हणाली. "यायच्या पोटात नळी हाय. डॉक्टरीनबाईनं पान्यात जाऊ नोको म्हटलं."

"मंग शालिकराम घरी भात टाकन का?" लटारू भाऊ म्हणाला.

सगळे हसले. मागून कोणीतरी म्हणालं, "लुगडं किती वर खोसशीन व, पानी छातीवरी हाय."

"पाह्यजे तितकं खोसतो," कुंता म्हणाली. "जाळं मी इनतो. टोपलं मी वाहतो. बाजारात गिऱ्हाईकासंग मी भांडतो. तवा तुमाले लुगडं दिसत नाई?"

"बाईचा पाय लागला का मासोळी बुडाले बसते. तुह्या सासऱ्याले इचार."

"तो मेला."

"म्हणून तर म्हनतो, इचाराले जाय." यावर तर माणसं लोळायची बाकी राहिली.

मीपण हसलो. हे मला कोणीही विचारलं नसतं आणि मी सांगितलंही नसतं, पण मी हसलो. गळ्यात ओळखपत्र होतं, त्यावर अभ्यासाचं नाव होतं, आणि मी त्या घोळक्यात बसून दात काढत होतो. त्या पाळीवर एकट्या माझ्याच तोंडून निघालं असतं, की लटारू भाऊ, त्याच्या लिव्हरात नळी आहे, हा माणूस मरू शकतो. माझा शब्द त्यांनी ऐकला असता की नाही, माहीत नाही. मी काढलाच नाही.

कुंतानं टोपलं खाली ठेवलं. मग माझ्याकडं पाहून म्हणाली, "तुमी तरी सांगा."

मी म्हणालो, "वहिनी, घरी बोलू."

घरी शालिकराम खाटेवर बसून होता. त्याच्या कानावर आधीच गेलं होतं. "कोनं सांगतलं तुले पाळीवर जायाले?" तो कुंतावर ओरडला. "आता माह्यी बायको दोर ओढन, आन मी घरी बसन, हेच आयकाचं राह्यलं होतं." मग माझ्याकडं वळून एकदम हळू आवाजात, "येतो गा मी उद्या. प्लास्टिक बांधून येतो."

तो आला. खताच्या पोत्यातलं प्लास्टिक पोटाला गुंडाळलेलं, त्यात नळी, त्यात पिशवी, वरून दुपट्टा करकचून बांधलेला. मी डाव्या दोरावर पाचवा, त्याच्या पाठीमागं. दोर कमरेला घेऊन मागं रेलायचं असतं. पहिल्या दोन ओढी ठीक गेल्या. तिसऱ्या ओढीला जाळं पाण्यातल्या एका खुंटाला अडकलं, सगळ्यांनी एकदम जोर लावला आणि खुंट सुटला. तीस माणसांचा झटका दोराला बसला. शालिकराम वाकला. तोंडातून आवाज काढला नाही. दोर सोडला नाही. पाठीमागून मला त्याचे फक्त खांदे दिसत होते.

मासोळी भरपूर निघाली. लोक काठावर ओरडत होते. तो मला बेशरमाच्या झुडपाआड घेऊन गेला, दुपट्टा सोडला.

"हेमराज, सरकली गा."

काळी खूण कातडीपासून चार बोटं बाहेर आली होती. टाका कातडी फाडून लोंबत होता. प्लास्टिकच्या आत तलावाचं पाणी, चिखल. मी काही बोलायच्या आत त्यानं अंगठ्यानं नळी आत ढकलली, जितकी गेली तितकी.

मी फोन काढला. "मॅडमले सांगतो."

"नोको. ते मले अभ्यासातून काढन. बुधवारी जातोच ना सोनोग्राफीले, तवा पाह्यतीन."

मी फोन खिशात घातला. त्याच्यासाठी नाही. कार्डाखाली छापलेलं होतं, 'सूचना समजावून सांगितल्या', आणि पुढं माझी सही. त्याला पाण्यात पाहणारा मी, त्याच्या मागं दोर ओढणारा मी. मॅडमनी पहिला प्रश्न विचारला असता, तुम्ही कुठं होता?

संध्याकाळी नियमाप्रमाणं फोन केला.

"पिशवीत किती?"

"काई नाई," शालिकराम म्हणाला. मग जरा थांबून, "शून्य."

मी शून्य लिहिलं. त्याआधी शनिवारी ऐंशी मिली होतं. अभ्यासाच्या नियमात लागोपाठ दोन दिवस दहाच्या खाली म्हणजे डोह सुकला, पेशंट सुधारला. शून्याच्या पुढं कोणी विचारत नव्हतं की नळी आहे कुठं. मॅडमकडं आलेख असायचा, प्रत्येक पेशंटची एक रेघ. अर्ध्या तासात त्यांचा मेसेज आला, "बत्तीस नंबर सर्वात लवकर सुकतोय. छान काम, हेमराज भाऊ."

सोमवारी फोन कुंतानं उचलला. "झोपले हायेत. जेवले नाईत. पोट जड हाय म्हणतात."

"पिशवीत?"

"कोरडी ठण."

दुसरं शून्य.

नळीची भोकं डोहाच्या बाहेर आली होती. पू पिशवीत येत नव्हता, कारण तो पोटात उतरत होता, चिखलाच्या पाण्यासोबत. हे मला मॅडमनी नंतर कागदावर चित्र काढून समजावलं. पण खरं सांगतो, मला चित्राची गरज नव्हती. नळी चार बोटं बाहेर आलेली मी पाहिली होती. दोन वर्षं मी नळ्याच पाहत होतो.

मंगळवारी सकाळी त्याचं पोट लाकडासारखं झालं. गाडी बोलावली. मूलवरून चंद्रपूरला नेईपर्यंत ओठ निळे. मॅडम धावत आल्या, स्वतः सोनोग्राफी लावली आणि पडद्याकडं पाहून त्यांचा हात थांबला. पोट भरून पू. ऑपरेशनला घेतलं. बुधवारी, ज्या वेळी आम्हाला मूलला सोनोग्राफीला जायचं होतं, साधारण त्याच वेळी तो गेला.

कुंता रडली नाही तेव्हा. तिनं नर्सला विचारलं, "आता तरी काढान का ते नळी?"

आठवडाभरानं मोठ्या सरांचा व्हिडिओ कॉल आला. ते दुसऱ्या शहरात, मोठ्या संस्थेत, त्यांच्या नावावर अभ्यास चालतो. मी कोपऱ्यात बसून होतो.

"पेशंटनं प्रोटोकॉल मोडला," सर म्हणाले. "पाण्यात उतरला. वरून दारू प्यायचा. आणखी काय पाहिजे? विश्लेषणातून वगळा."

"सर, मृत्यू आहे. मृत्यू वगळता येत नाही."

"मी मृत्यू वगळत नाही, मयुरी. मी पेशंट वगळतोय."

मॅडमनी आलेखाचा कागद पुढं ओढला. मग म्हणाल्या, "आधी दोन दिवस शून्य होतं. शून्याचा अर्थ मी चुकीचा लावला, सर. फॉर्ममध्ये नळीच्या खुणेचा प्रश्नच नाही. तो मी घालायला हवा होता."

"तुझ्या करिअरच्या या टप्प्यावर असलं बोलू नये. फील्ड असिस्टंटची सही घे आणि पाठव."

असा तो फॉर्म माझ्यासमोर आला. असा तो चौकोन.

मला सही करणं किती सोपं होतं बघा. शालिकराम दोषी, मी मोकळा, मॅडम मोकळ्या, सोसायटी मोकळी. एका खुणेत तीस माणसं आणि दोन डॉक्टर सुटत होते. आणि लोक म्हणतात, गरीब अडाणी असतात म्हणून मरतात.

मी खूण केली नाही. कागद उलटा केला आणि पाठीमागं लिहायला घेतलं. माझं अक्षर वाईट आहे. बाहेर कुंता बसून होती, तिला वाटत होतं मी तिचं म्हणणं लिहून राह्यलो. ते लिहिलंच. पण ते लिहिताना दुसरंही निघालं, आणि एकदा निघाल्यावर मला ते अडवता आलं नाही.

मॅडमनी वाचलं. दोनदा वाचलं. "रविवारी शून्य लिहिलं तेव्हा तुम्हाला माहीत होतं?"

"हो."

त्यांनी मला शिवी द्यायला हवी होती. त्यांनी चष्मा काढला आणि डोळे दाबून बसल्या. मग उठून तो कागद स्कॅन केला आणि जसाच्या तसा सरांना आणि अभ्यासावर लक्ष ठेवणाऱ्या समितीला पाठवला. माझं ओळखपत्र मी टेबलावर ठेवलं. त्यांनी ते घेतलं. थांबा म्हणाल्या नाहीत.

दीड महिन्यानं त्यांनी मला आणि कुंताला बोलावलं. अभ्यास थांबवला होता, पण तोवरचा अहवाल लिहून झाला होता. इंग्रजीत. त्यातली एक ओळ त्यांनी कुंताला मराठीत सांगितली. एका रुग्णाचा मृत्यू झाला. नळी जागेवरून सरकल्याचे वेळेत लक्षात आले नाही. रुग्ण सामाजिक कारणांमुळे पाण्यात उतरला होता.

"एवढं ठेवायला मला खूप भांडावं लागलं, ताई," मॅडम म्हणाल्या. "त्यांनी ऐकलं नाही, असं कुठंच लिहिलेलं नाही."

"आन मी उभी राहतो म्हटलं होतं, ते?"

"ते त्या सामाजिक कारणांमध्ये आलं."

"माह्यं म्हणनं कुठी हाय?"

मॅडमनी ती ओळ पुन्हा वाचली. मग त्यांनी फाइलमधून माझ्या कागदाची प्रत काढली आणि कुंताला दिली. "हे यांनी लिहिलंय. यात आहे."

कुंता चौथी शिकलेली. तिनं तो कागद उलटसुलट पाहिला. माझं अक्षर तिला लागलं नाही. तिनं तो ब्लाउजमध्ये खोचला. बसमध्ये पूर्ण वेळ ती माझ्याशी चांगलं बोलत होती. डिंपल विज्ञान घ्यायचं म्हणते, तुमी सांगा तिले, असं. मला वाटलं, मधेच कुठं उतरून जावं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती मला बोलवायला आली. "चाला पाळीवर. सगळे बसले हायेत. तिथी वाचा."

पाळीवर पंचवीस-तीस माणसं होती. मोठं जाळं वाळत पसरलेलं आणि सगळे त्या जाळ्याची फाटलेली घरं विणत बसलेले. शालिकरामच्या जागेवर आता लटारू भाऊचा पुतण्या होता. लटारू भाऊनं मला पाहिलं आणि तोंड फिरवलं. मी सोसायटीविरुद्ध सरकारला लिहिलं, असं त्यानं गावभर केलं होतं. दीड महिना त्या लोकांनी माझ्याशी शब्द टाकला नव्हता.

कुंतानं कागद काढून माझ्या हातात दिला. "वाचा."

मी वाचलं. "शालिकराम यांना पाण्यात न जाण्याची सूचना कळली होती. त्यांच्या पत्नी कुंता यांनी शनिवारी संध्याकाळी सोसायटीसमोर सांगितले की पतीच्या जागेवर मी उभी राहते. त्यांना जाळे विणता येते, ओढता येते. सोसायटीने हसून नकार दिला. हसणाऱ्यांत मी होतो. तो नकार मिळाला नसता तर शालिकराम पाण्यात उतरले नसते."

विणणारे हात थांबले होते. कोणी वर पाहत नव्हतं. कुंताचा श्वास जोरात चालला होता. तिचं झालं होतं. जे तिला चार लोकांत ऐकायचं होतं ते ऐकून झालं होतं आणि तिनं कागद घ्यायला हात पुढं केला.

"झालं?" लटारू भाऊ म्हणाला.

कागदावर आणखी पाच ओळी होत्या. तिला वाचता येत नव्हत्या. मी तिथंच थांबलो असतो तर त्या पाळीवर कोणाला कळलं नसतं.

"अजून हाय," मी म्हणालो.

"दोराचा झटका बसून नळी चार बोटे बाहेर आली, ती मी डोळ्यांनी पाहिली. मी डॉक्टरांना कळवले नाही. त्या संध्याकाळी आणि दुसऱ्या दिवशी पिशवीत शून्य आहे असे मी लिहिले. नळी सरकल्यामुळे शून्य आहे हे मला कळत होते. मी नोकरी जाईल म्हणून गप्प राहिलो. रविवारीच कळवले असते तर ते वाचू शकले असते."

नानाजी नावाचा म्हातारा कानाला हात लावून ऐकत होता. त्यानं विचारलं, "ते शून्य काय म्हणलं गा?"

मी समजावलं. डोह, भोकं, पिशवी कोरडी म्हणजे पू आत उतरतोय. नीट, हळू, मॅडम मला समजावायच्या तसं.

कुंताचा हात अजून पुढंच होता. "सोमवारी फोन मी उचलला," ती म्हणाली. "तुमी इचारलं, पिशवीत किती. मी म्हटलं कोरडी हाय. मले वाटलं, सुकलं. मी देवाले हात जोडले."

"हो."

"तुमाले तवा माहीत होतं."

"हो, वहिनी."

तिनं हात मागं घेतला. कागद घेतला नाही. माझ्याकडं, मग लटारू भाऊकडं, मग त्या सगळ्या माणसांकडं तिनं एकदा पाहिलं, एकाच नजरेनं, आणि पाळ उतरायला लागली. मी दोन पावलं तिच्या मागं गेलो. तिनं न वळता सांगितलं, "नोका येऊ."

पाठीमागं पुन्हा विणायला सुरुवात झाली होती. लटारू भाऊ सरकला, शेजारची धूळ त्यानं पंजानं झाडली. "बस गा हेमराज," तो म्हणाला. "होते असं. पानी पेशीन?"

दीड महिन्यात पहिल्यांदाच तो माझ्याशी मायेनं बोलला होता. मी कागद हातात धरून तिथंच उभा होतो. खाली कुंता धानाच्या बांधीपर्यंत पोचली होती.